कापताना २६, देताना ३०

दुपारी दोन ते सहा मूल सांभाळायला ज्यांच्या घरी मावशी येतात, आणि त्या सहाला घरी जातात अशी ज्यांची समजूत आहे, त्या आईबापांसाठी हे मार्गदर्शन आहे. मावशींनी ते वाचू नये. लेखकाला या विषयाचा पावणेदोन वर्षांचा अनुभव असून त्यात तीन वाद आणि चार दिवसांचा एक अबोला येतो. अबोला मावशींनी धरला नव्हता, बायकोने धरला होता.

नियम पहिला. कामावर ठेवताना पहिल्याच दिवशी "तुम्ही आता घरच्याच" असं म्हणून टाकावं. त्या वेळी हे वाक्य फुकट जातंय असं वाटतं, पण महिनाअखेरीला ते कामी येतं. घरच्या माणसाला तासाचे पैसे कोण देतं? खाडा मात्र घरच्या माणसाचाही कापता येतो.

नियम दुसरा, फोनचा. सहाला दहा कमी असताना फोन करून "मावशी, पाच मिनिटांत पोचतोच" असं म्हणावं. आम्ही राहतो कोथरूडला आणि मी येतो हिंजवडीहून. तेव्हा वाकडच्या पुलाखाली असताना "चांदणी चौक ओलांडला" असं सांगण्याचा प्रघात आहे. २०२३ साली तिथला नवा पूल खुला झाल्यापासून ही थाप जास्त पटते. मागे बसचा हॉर्न वाजत असेल तर बोलण्याआधी गाडीची काच वर करावी.

मावशी यावर "बरं दादा" म्हणतात. या "बरं"चा मी आता अभ्यास केला आहे. लांबवलेलं "बरं" म्हणजे चिरंजीव कडेवर आहेत आणि रडताहेत. तुटक "बरं" म्हणजे बस चुकली. आणि काही न बोलता फोन ठेवला, तर पुढच्या घरी पाहुणे आहेत. कारण मावशी आमच्याकडून सुटल्या की साडेसहाला पलीकडच्या सोसायटीत पोळ्यांना जातात. रोजच्या सोळा, पाहुणे असले की तीस. मी पाऊण तास उशिरा आलो की तिथल्या वहिनी बाहेरून जेवण मागवतात आणि त्या दिवसाचा खाडा धरतात. म्हणजे मी सिग्नलला उभा असतो आणि पैसे मावशींचे जातात. हे मला सव्वा वर्ष माहीत नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. विचारलं नाही.

नियम तिसरा. जास्तीच्या तासांची भरपाई शक्यतो वस्तुरूपात करावी. वाढदिवसाचा उरलेला केक, चिरंजीवांना आखूड झालेले स्वेटर, दिवाळीत ऑफिसातून आलेला सुक्या मेव्याचा डबा (काजू काढून). आमच्या ऑफिसातही हीच पद्धत आहे. रात्री नऊपर्यंत बसवून घेतात, पिझ्झा मागवतात आणि मॅनेजर म्हणतो, "आपण सगळे एक कुटुंब." घरी येऊन मी त्या मॅनेजरचा जो उद्धार करतो तो मावशींनी अनेकदा ऐकला आहे. एकदा चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "दादा, तुम्हाला गरम तरी देतात."

आता गणित. मावशींचा पगार महिना ९,००० रुपये, रविवारी सुट्टी. खाडा कापायचा असेल तेव्हा ९,००० ला २६ ने भागावं, कारण महिन्यात कामाचे दिवस तेवढेच. दिवसाचे ३४६ रुपये होतात. जास्तीचा तास द्यायचा असेल तेव्हा मात्र ३० ने भागावं, कारण महिना तीस दिवसांचा असतो हे लहान मुलालाही कळतं. दिवसाचे ३००, म्हणजे तासाचे ७५. एकाच पगाराला दोन भाजक वापरण्याची ही युक्ती मी स्वतः शोधून काढली असं मला वाटत होतं. सोसायटीत चौकशी केल्यावर कळलं की ती घरोघरी आहे.

पुरावे मात्र जपून काढावेत. आमच्याकडे खाडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मांडतात. दुधाच्या पिशव्या, सिलिंडर बदलल्याची तारीख आणि मावशींचा "खा", सगळं एकाच चौकोनात. गेल्या पावसाळ्यात त्या चौकोनांच्या कोपऱ्यात जांभळ्या खडूचे ठिपके दिसायला लागले. कुठे एक, कुठे तीन. भिंती रंगवायचं चिरंजीवांचं वय असल्याने मी त्यांना दोनदा दम दिला. महिनाअखेरीला पगार देताना मावशी कॅलेंडरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "ते त्याचे नाहीत ओ दादा, माझेत." अर्ध्या तासाला एक ठिपका. एकोणीस ठिपके.

साडेनऊ तास! मी अर्थातच मानलं नाही. सोसायटीच्या गेटवर येणाऱ्याजाणाऱ्याची वेळ ॲपमध्ये पडते. मावशींसमोरच फोन काढला आणि सहानंतरची मिनिटं मोठ्यांदा मिळवत गेलो. बेरीज आली अकरा तास चाळीस मिनिटं. अर्ध्या तासाच्या आतलं मावशींनी धरलंच नव्हतं. बायको ओट्यापाशी उभी होती. अबोल्याचा तो पहिला दिवस.

कायद्याचा आधार घ्यावा का? घेऊन पाहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर लावला होता, पण घर म्हणजे कारखाना नव्हे, असं म्हणून सुटता येतं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तो नोंदणी आणि कल्याणाचा आहे, आमच्या पाऊण तासाचा भाव त्यात नाही. आईकडे हा विषय काढला तर ती एवढंच म्हणाली, "जपून. ऐंशी साली पुण्यातल्या बायकांनी संप केला होता, तेव्हा तुझे बाबा भांडी घासत होते."

शेवटी जे ठरलं ते ठरवायला दहा मिनिटं लागली, चहासकट. सहानंतरची पंधरा मिनिटं मावशींनी सोडली. त्यापुढे प्रत्येक सुरू झालेल्या अर्ध्या तासाला ६० रुपये. साठच का, तर ७५ च्या हिशेबाने साडेसदतीस होतात असं मी म्हटल्यावर मावशींनी पोळ्यांच्या घरचा खाडा सांगितला आणि मी गप्प बसलो. सात वाजून गेले तर रिक्षाचे वेगळे. मी उशिरा येणार हे चारच्या आत कळवायचं, म्हणजे त्यांना पुढच्या घरी सांगता येतं. महिन्याला दोन खाडे भरपगारी. आणि पैसे त्याच संध्याकाळी द्यायचे. गंमत सोडून सांगायचं तर या सगळ्यात हे शेवटचं कलम सगळ्यात कामाचं आहे. महिनाभर साचलं की त्यांना आठवतं तेवढं आपल्याला आठवत नाही, आणि तोंडातून आधी येतं ते "एवढे कसे झाले?"

आत्ता सहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. आज मी घरूनच काम करतोय, आतल्या खोलीत दार लावून. "पाच मिनिटांत आलोच" असं सांगून हा लेख संपवायला बसलो होतो. बाहेर मावशींच्या पर्सची चेन लागल्याचा आवाज आला. साठ रुपये.