'पर्यंत'

लक्ष्मी रोडवर दुकानाच्या काचेवर '५० टक्के सूट' हे हातभर अक्षरांत असतं आणि शेजारी मुंगीएवढं 'पर्यंत'. पुणेकर आधी मुंगी वाचतो. अमेरिकन माणसाला ही सवय नाही. म्हणून २०१३ साली त्याच्या दुकानांतली काडतुसं संपली.

झालं असं. मार्च २०१२मध्ये होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) खात्यासाठी एटीके कंपनीला .४० बोअरच्या काडतुसांचं पाच वर्षांचं कंत्राट मिळालं. ४५ कोटींपर्यंत. म्हणजे भाव आत्ता ठरवायचा आणि माल लागेल तसा मागवायचा. आपल्याकडे याला दरकरार म्हणतात. केटरर 'हजार पानांपर्यंत' बोलला, म्हणून हजार माणसं जेवून गेली असं कोणी धरत नाही. तिकडे धरलं.

ऑगस्टमध्ये तर सोशल सिक्युरिटीने, म्हणजे म्हाताऱ्यांना पेन्शन देणाऱ्या खात्याने, १,७४,००० काडतुसांची निविदा काढली. हवी होती २९५ तपास अधिकाऱ्यांच्या सरावासाठी. पण पेन्शनचा खर्च कमी करायचा सरकारने हा नवा उपाय काढला, अशी शंका घेणारे निघालेच. मग कोणीतरी सगळ्या निविदांच्या कमाल मर्यादांची बेरीज मारली: १६० कोटी. माणशी पाच!

१४ डिसेंबर २०१२ला न्यूटाउनच्या शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यावर विनोद नाही. विनोद पुढचा: आता बंदुकांवर निर्बंध येणार, या धास्तीने देश रांगेत उभा राहिला.

दुकान उघडायच्या आधी रांग. मालाचा ट्रक कोणत्या वारी येतो, हे लोकांना तोंडपाठ. वॉलमार्टने माणशी तीन खोकी ठरवली. लगेच बायको आणि मेहुणाही रांगेत. सगळ्यात ओढ .२२ची, खारी मारायच्या आणि डबे उडवायच्या बारक्या काडतुसाची. पाचशेच्या खोक्याला तिथे 'ब्रिक' म्हणतात. वीट. पंढरपुरात विठोबासाठी लागते तशी रांग इथे नुसत्या विटेसाठी! वीस डॉलरच्या आसपासची ती वीट दुप्पट-तिप्पट भावाने जाऊ लागली. सरकारचं कंत्राट .४०चं आणि टंचाई सर्वांत लांबली .२२ची, पण हे कोणाला सांगणार? रांगेतला प्रत्येक जण म्हणत होता, "मी आपली गरजेपुरती घेतोय, साठेबाज तो पुढचा." (हसू नका. नोटाबंदीत मीठ संपणार म्हणून आपणही धावलो होतो, समुद्र शेजारी असून.)

सरकारच सगळा माल उचलतंय, या तक्रारीत चार आणे तथ्य होतं. कंत्राटवाल्याचा माल आधी निघतो, उरेल ते दुकानात. पण मग कारखानदार नवी यंत्रं का घेत नाही? कारण तो शहाणा असतो. तीन पाळ्या चालवील, कामगारांना जादा वेळेचे पैसे देईल, पण धास्तीच्या भरवशावर शेड बांधणार नाही. धास्ती उतरली की कर्जाचा हप्ता त्याच्याच गळ्यात.

आणि निर्बंधांचं काय झालं? १७ एप्रिल २०१३ला सिनेटमध्ये खरेदीदाराच्या तपासणीच्या प्रस्तावाला ५४ मतं पडली, हवी होती ६०. कायदा आलाच नाही, भाव मात्र येऊन बसला होता. संसदेच्या लेखापरीक्षकांनी जानेवारी २०१४मध्ये हिशेब मांडला: होमलँड सिक्युरिटीची खरेदी वर्षाला सरासरी १०.९ कोटी, आणि तीही २००९पासून उतरती. अहवाल वाचायला रांग लागली नाही.

२०१६च्या निवडणुकीत हिलरीबाई येणार आणि पुन्हा धास्ती पिकणार, या हिशेबाने दुकानदारांनी माल भरला. आले ट्रम्प. गिऱ्हाईक निवांत झोपलं आणि माल मांडणीवर पडून राहिला. कर्जात रुतलेली रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसांची जुनी कंपनी मार्च २०१८मध्ये दिवाळखोरीत गेली. जुलै २०२०मध्ये ती पुन्हा दिवाळखोरीत गेली, आणि तेव्हा करोनाच्या धास्तीने दुकानांत औषधालाही काडतूस नव्हतं. तिचा आर्कान्सामधल्या लोनोकचा काडतुसांचा कारखाना ८ कोटी १४ लाख डॉलरला विकला गेला. घेणारी कंपनी व्हिस्टा आउटडोअर: ४५ कोटीं'पर्यंत'चं कंत्राट मिळवणाऱ्या एटीकेतूनच २०१५ साली वेगळी निघालेली.