३६ गुण, ३०० ओहम

हेडफोन लावण्यामागे माणसाच्या दोन साध्या अपेक्षा असतात: बाहेरचा गोंगाट आत येऊ नये आणि आतलं गाणं बाहेर जाऊ नये. ओपन-बॅक हेडफोन या दोन्ही आघाड्यांवर बिनशर्त शरणागती पत्करतो. त्याच्या वाट्या मागून बंद नसतात, जाळीच्या असतात. त्यामुळे कानात शिरणाऱ्या गाण्याचा बराच मोठा वाटा मागच्या दारानं घरभर पसरतो, आणि कुकरची शिट्टी, मिक्सर, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग हे सगळं विनासायास आत येतं. फोकल कंपनीचा युटोपिया २०१६ साली बाजारात आला तेव्हा या सोयीसाठी ४,००० डॉलर मोजावे लागत. तरीही ते मोजणारी माणसं वेडी नव्हेत. हेडफोनमधलं पातळ पटल पुढे सरकताना जेवढा आवाज कानाकडे ढकलतं तेवढाच मागेही सोडतं. बंद वाटीत तो मागचा आवाज कोंडतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि खर्जाच्या बाजूला एक गढूळपणा आणतो. जाळी लावली की तो निमूटपणे निघून जातो, आणि गाणं कवटीत कोंबल्यासारखं न वाटता कानांच्या जरा बाहेर, मोकळ्यावर चालल्यासारखं वाटतं. जर्मनीच्या सेन्हायजर कंपनीनं १९६८ मध्ये एचडी ४१४ हा पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा पहिला ओपन हेडफोन काढला, तेव्हापासून ही गंमत लोकांना कळलेली आहे. इथवर सगळं भौतिकशास्त्र आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती या हेडफोनचं लग्न जमवायला घेतात तेव्हा.

कारण महागडा हेडफोन नुसता घेऊन भागत नाही, त्याला साजेसा अँप्लिफायर बघावा लागतो, आणि तिथे जाणकार मंडळी पत्रिका मांडून बसतात. हा हेडफोन स्वभावानं जरा तिखट, याला व्हॉल्व्हचा शांत, घरंदाज अँप बघा. हा अंमळ सुस्त, याला सॉलिड-स्टेटचा, म्हणजे ट्रान्झिस्टरचा, चटपटीत द्या. हायफायमन या चिनी कंपनीनं आपल्या मॉडेलांची नावंच सुंदरा, आनंदा, आर्या आणि सुस्वरा अशी ठेवली आहेत, त्यामुळे ही चर्चा वाचताना हातात वधूवर सूचक मंडळाचं रजिस्टर आहे की काय असा संशय येतो. आणि रजिस्टर चाळता चाळता एक नियम लक्षात येतो, जो कुठल्याच ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात नाही: ऐकू येणारा फरक जितका लहान, त्याचं वर्णन तितकं लांब. हेडफोनबद्दल लोक मोजकं बोलतात, अँप्लिफायरबद्दल भरभरून, आणि दोघांना जोडणाऱ्या तारेबद्दल बोलू लागले की त्यांना थांबवणं मुश्कील. माझं म्हणणं एवढंच की हा नियम योगायोगानं झालेला नाही. मोठा फरक सांगायला शब्द लागत नाहीत. नसलेला फरक उभा मात्र शब्दांवरच राहतो.

आधी मोठा फरक बघू. दोन हेडफोन एकमेकांपासून खरोखर वेगळे वाजतात, आणि हा वेगळेपणा मोजपट्टीवर धडधडीत दिसतो: एखाद्या पट्ट्यात चार-पाच डेसिबल, कधी दहाही. २००९ च्या सेन्हायजर एचडी ८०० मध्ये ६ हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा होता. झांजा आणि 'स'कार त्यात असे चमकायचे की काहींना तो साक्षात्कार वाटला, काहींना दाढदुखी. कंपनीनं पुढे एचडी ८०० एस काढताना तो उंचवटा वाटीच्या आतच शोषून घेतला आणि वाद मिटला. तानपुऱ्यासारखं वाद्य तर हेडफोनची परीक्षाच घेतं. जवारीतून सुटणारे वरचे स्वर कुठल्या पट्ट्यात उचलले जातात आणि कुठल्यात दबतात, यावर तो तानपुरा वाटतो की डास, हे ठरतं. हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी गेल्या दशकात अनेक श्रोत्यांना हेडफोनची ओळख लपवून ऐकवलं, तेव्हा बहुतेकांची आवड, कुठल्या पट्ट्याला किती जोर हे दाखवणाऱ्या, एकाच प्रकारच्या वक्राकडे झुकली. म्हणजे चांगला हेडफोन ही निव्वळ ज्याच्या-त्याच्या कानाची बाब नाही. फक्त तो महागच असेल असं नाही: संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली, तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांचा परस्परांशी काही संबंध सापडला नाही. त्याहून गंमत अशी की एकच हेडफोन काढून पुन्हा डोक्यावर चढवला, तरी वरच्या पट्टीत काही डेसिबल इकडेतिकडे होतात. चष्म्याची काडी गादीखाली आली, गादी जुनी होऊन चपटी झाली, पटल कानाच्या दोन मिलिमीटर जवळ आलं, की आवाज बदलला. हे बदल कुणीही ऐकू शकतो. यावर कुणी निबंध लिहीत नाही.

आता अँप्लिफायर. पत्रिकेतल्या ३६ गुणांपैकी खऱ्या अर्थानं बघायचे गुण तीनच: पुरेसा जोर आहे का, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा विद्युत अडथळा, कमी आहे का, आणि शांततेत खरखर ऐकू येते का. पहिला गुण शाळकरी गणिताचा आहे. सेन्हायजरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन, १९९७ पासून चालत आलेला. एक मिलिवॅटमध्ये साधारण ९७ डेसिबल देतो. ॲपलची फोनला हेडफोन जोडायची इवलीशी शेपटी, किंमत ९ डॉलर, अमेरिकेतल्या आवृत्तीत एक व्होल्ट देते. म्हणजे हा नाजूक म्हणून गाजलेला जर्मन हेडफोन ती शेपटी सुमारे १०२ डेसिबलपर्यंत नेऊ शकते. तेवढ्या आवाजात रोज तासन् तास ऐकलं, तर काही वर्षांनी अँप्लिफायरची चर्चा करायचं कारणच उरणार नाही. रजिस्टरमध्ये मंगळ असलेली स्थळंही आहेत, हे मान्य. बाजारात आली तेव्हा सहा हजार डॉलरची असलेली सुस्वरा एक मिलिवॅटमध्ये जेमतेम ८३ डेसिबल देते. वाद्यवृंदातला एखादा कडकडाट १०५ डेसिबलपर्यंत न्यायचा, तर एचडी ६०० ला ६ मिलिवॅट पुरतात आणि सुस्वराला सुमारे १६० लागतात. पंचवीस पटीचा फरक. तिथे दणकट अँप लागतो, आणि 'याला ताकद हवी' असं सांगणारा माणूस बरोबरच सांगत असतो. पण ताकद पुरेशी झाली की झाली. १०५ डेसिबलसाठी १६० मिलिवॅट हवेत आणि अँप १० वॅट देतो, तर उरलेली ताकद सुस्वरामध्ये 'अधिकाराची भावना' निर्माण करत नाही, ती निवृत्त कर्नलसारखी नुसती बसून असते.

व्हॉल्व्हच्या बाबतीत मामला जरा रंगतदार आहे, आणि इथे मी पत्रिकावाल्यांना एक गुण मोकळ्या मनानं देतो. एचडी ६०० आणि ६५० यांचा ३०० ओहम हा आकडा ढोबळ. १०० हर्ट्झच्या खाली, पटल आपल्या नैसर्गिक कंपनात येतं तिथे, तो ५०० च्या आसपास चढतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहम असू शकतो. व्होल्टेजची वाटणी मांडून पाहिली तर अशा अँपवर त्या खर्जाच्या पट्ट्यात मधल्या स्वरांपेक्षा साधारण एक डेसिबल जास्त मिळतो. म्हणजे 'व्हॉल्व्हनं खर्जाला ऊब दिली' हे वाक्य कल्पनाविलास नसून अंकगणित आहे. तळाला एक डेसिबलची भर. बाकी राहते ती व्हॉल्व्हची स्वतःची थोडी विकृती, जी कुणाला आवडली तर त्यात वावगं नाही. फक्त तीच ऊब साध्या अँपला प्रत्येक कानामागे १२० ओहमचा एकेक रेझिस्टर जोडूनही येते, आणि तो लॅमिंग्टन रोडवर चिल्लरीत मिळतो. एकेकाळी आंतरराष्ट्रीय मानकानंच हेडफोनच्या आउटपुटसाठी १२० ओहम सुचवले होते. तेव्हा त्याला कुणी ऊब म्हणत नव्हतं, मानक म्हणत होतं. पण चिल्लरीत मिळणाऱ्या वस्तूवर कुणाचा विश्वास बसत नाही. केशरी उजेडात तापणारा काचेचा बल्ब समोर असला की ऊब कानांना आधीच लागू लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: यंत्रं सगळं मोजू शकत नाहीत, कान जास्त तीक्ष्ण असतात. ठीक आहे, यंत्रं बाजूला ठेवू, कानच ठेवू. फक्त डोळे बांधू आणि दोन्ही अँपचा आवाज व्होल्टमीटर लावून सारखा करू, कारण अर्धा डेसिबल मोठा वाजणारा अँप मोठा वाटत नाही, 'जास्त पारदर्शक' वाटतो. डोळे बांधले की काय होतं याची एक सुंदर नोंद आहे, अँपची नसली तरी. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी उच्च दर्जाच्या डिस्कमधला आवाज एकदा जसाच्या तसा आणि एकदा साध्या सीडीच्या प्रतीत उतरवून ऐकवला, कुठला कुठला हे न सांगता. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवलं असतं तर २७७ अपेक्षित होती. म्हणजे नाण्याचे कान एका गुणानं सरस. आणि १९९४ मध्ये हारमनच्याच टूल आणि ऑलिव्ह यांनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाउडस्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर दाखवून ऐकवले. दिसू लागताच भारदस्त खोक्यांचे गुण वाढले आणि लहानग्या, स्वस्त बिचाऱ्याचे घटले. हे श्रोते आवाजाच्याच धंद्यातले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो: परीक्षेच्या ताणात बारीक फरक निसटतात, निवांतपणी महिनोन् महिने ऐकल्यावरच ते उमगतात. यात तथ्य आहे. अतिसूक्ष्म फरक घाईच्या चाचणीत सुटू शकतो, हे मी मानतो. पण मग वर्णनही अतिसूक्ष्म करा ना! लेखात 'जमीन-अस्मानाचा फरक' असतो, 'डोळ्यांवरचा पडदा दूर झाला' असं असतं, आणि डोळे बांधले की अस्मान जमिनीला टेकतं. त्या पडद्याचा हिशेबही कधी लागत नाही. दर नव्या अँपबरोबर एक पडदा दूर होतो, तर पहिल्या दिवशी हे गृहस्थ किती पडद्यांतून ऐकत होते? निवांतपणाचीही एक मेख आहे. नवं यंत्र शे-दोनशे तास 'मुरू' द्यावं लागतं असं सांगतात, आणि हा मुरण्याचा काळ वस्तू परत करण्याच्या मुदतीपेक्षा नेमका जास्त निघतो. शिवाय मुरून कुठलंही यंत्र बिघडल्याचं वाचनात येत नाही, सगळी सुधारतात. माणसाचा कान नव्या आवाजाला सरावतो, ही साधी शक्यता या मुरांब्यात कुणी धरत नाही. (आपण मराठी रसिकांनीही फार हसू नये. मैफलीच्या वृत्तांतात स्वरांचे मोरपिसारे आणि लडिवाळ झुळुका आपणही पोत्यानं वापरल्या आहेत. फक्त आपल्या झुळुकेला किमतीची चिठ्ठी नसते.)

तिसरा आक्षेप सगळ्यात माणुसकीचा: लोकांना आनंद मिळतो ना, मग तुमच्या पोटात का दुखतं? माझ्या पोटात दुखत नाही, आणि तो आनंद खोटा आहे असंही मी म्हणत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत काही जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. महाग म्हटल्यावर ती जास्त आवडली, आणि सुखाशी निगडित असा मेंदूचा भागही खरोखर जास्त उजळला. म्हणजे किंमत जिभेला लागते, तशी कानालाही लागत असणार. सेन्हायजरनं हे ओळखून २०१५ मध्ये एचई १ जाहीर केला. किंमत साधारण ५०,००० युरो, पेटी इटलीतल्या कराराच्या संगमरवराची. बटण दाबलं की गुंड्या पुढे सरकतात, आठ व्हॉल्व्ह संगमरवरातून हळूहळू वर येतात आणि काचेचं झाकण आपोआप उघडतं. अजून एक सूर वाजलेला नाही आणि ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले गेलेले असतात. हे यंत्र ८ हर्ट्झपासून १ लाख हर्ट्झच्याही वर वाजतं म्हणे. तरुण माणसाचा कान २० हजारांपाशी संपतो, आणि हेडफोनवर ५०,००० युरो घालण्याइतकी माया जमवलेल्या माणसाचा बहुधा १२ हजारांपाशीच. उरलेल्या भागाचा आस्वाद घ्यायला घरात वटवाघूळ पाळावं लागेल. आणि अशा यंत्रावर बालगंधर्वांची जुनी तबकडी लावली, तर तिच्यात काही हजार हर्ट्झच्या पुढे सुईची खरखर सोडून फारसं काही नाहीच. ती खरखर मात्र संगमरवरी येईल.

तेव्हा माझी मागणी माफक आहे: आनंद लिहा, पण तो ज्याचा आहे त्याच्या नावावर लिहा. 'हा अँप देखणा आहे, जड आहे, याची गुंडी फिरवताना बरं वाटतं आणि हा माझ्याकडे आहे' हे प्रामाणिक श्रवणानुभवाचं वाक्य आहे. आवाजाबद्दल तीन ओळी पुरतात: जोर पुरेसा, आउटपुट इम्पिडन्स एक-दोन ओहम, खरखर नाही. मग उरलेल्या पानांचं काय करायचं, असं संपादक विचारतील. त्यांच्यासाठी विषय पडून आहे. हेडफोनवर ऐकताना डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानात पोचतच नाही. खोलीतल्या स्पीकरचा पोचतो. म्हणून बीटल्सच्या १९६५ च्या 'रबर सोल'चं स्टिरिओ ध्वनिमुद्रण हेडफोनवर लावलं की बरीचशी वाद्यं एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात, भांडण झाल्यासारखे बसलेले असतात. बेंजामिन बाउअरनं १९६१ मध्येच यावर उपाय सुचवला, १९७१ मध्ये झीगफ्रीड लिंकविट्झनं त्याचं सुटसुटीत सर्किट दिलं: थोडे रेझिस्टर, थोडे कपॅसिटर, डावीकडचं थोडं उजवीकडे, उजवीकडचं थोडं डावीकडे. डोळे बांधूनही ओळखता येईल इतका फरक पडतो, आणि आजच्या बहुतेक महागड्या अँपवर त्याचं बटण नसतं. त्याच्याही आधीचा प्रश्न, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइक तबल्यापासून किती हातांवर ठेवला होता आणि तानपुऱ्याला वेगळा दिला होता की नाही, हा तर सगळ्या अँप्लिफायरांना पुरून उरणारा. तेवढं एक कुणी तबकडीच्या वेष्टनावर छापत नाही.