जुळ्या बहिणींचे नंबर

पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे, दोघींचा जन्म 5 नोव्हेंबर 1951चा. दादरला दोघी शेजारी नांदतात, पण एक नंबरचा फलाट दोघींनाही हवा. त्यामुळे ‘एक नंबरवर थांब’ असं बजावून माणसं पुलाच्या दोन बाजूंना एकमेकांची वाट बघत, मनातल्या मनात लाखोली वाहत उभी. अखेर डिसेंबर 2023मध्ये तह झाला. पश्चिमेकडे 1 ते 7 राहिले, मध्यवाल्यांचे 8 ते 14 झाले. चौदापर्यंत सलग मोजायला बहात्तर वर्षं. घाई कुणाला होती म्हणा!

नव्या पाट्या लागल्या. आता आठ नंबर विचारा, उत्तर येतं, ‘म्हणजे जुना एक ना?’

बाणांचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. वर टोक केलेला बाण सरळ जायला सांगतो की जिना चढायला, हे बाणालाच ठाऊक. त्यातून पाटीशेजारी तिच्या तिप्पट उजळ जाहिरात. गाडी हुकते, बारावीच्या क्लासचा पत्ता मात्र तोंडपाठ होतो. शेवटी विचारायचं वडापाववाल्याला. तो मान न वळवता, तळता तळता, झाऱ्याने दिशा दाखवतो. त्या झाऱ्याला निविदा लागत नाही.