धरमशाळेचा मालक कोण?

— अवो काकू, ऐकलं काय? समोरच्यायनं लग्नाचे पाहुणे लॉजवर उतरवले. एका खोलीचं भाडं ऐकून माया तं जीवच दडपला.

— भाडं घेतात तं घेवोत बाप्पा. नळाले पाणी तं येते न तिथं! पण लॉज आता आले. पहिले आर्वीत मुक्कामाचे पैसे कोण देत होतं? कापसाच्या दिवसात बाजारात बंड्यायची रांग लागे. मनासारखा भाव नाई भेटला का शेतकरी रातभर तिथंच. बैल सोडायचे, बंडीखाली पोतं आंथरायचं, फडक्यातली भाकर अन् ठेचा खायचा, झोपायचं. तेच त्याचं लॉज.

— मंग धरमशाळेत कोण उतरे?

— व्यापारी, दलाल, देवदर्शनाले निघालेले, कचेरीत तारखेले आलेले. तहसीलीचं गाव न हे! नगरपालिकाच १८६७ ची. तारीख पडली का माणूस आला, अन् माणूस आला का मुक्काम आला.

— अन् मालक कोण राहे तिचा?

— आता बोलली तू खरं. अशा धरमशाळा शेठ लोकं बांधत, पुण्यासाठी. दगडावर नाव कोरलं का शेठ मोकळा. जोर सारा चौकीदाराचा! कोणाले खोली, कोणाले ओसरी, कोणाले दारातूनच वापस, तोच ठरवे. अन् जात विचारूनच ठरवे, तेही ऐकून ठेव. कोणी काई म्हणो, पुण्याले तेव्हा कुलूप होतं.

— आपल्या गावात तरी असं नसन.

— कायले नसन? गाव काय आभायातून पडलं? पण एक गंमत सांगतो. या गावाच्या धन्याचीच जात कोणाले ठरवता आली नाई. तेलंगरायानं आर्वी वसवली म्हणतात न, तीनशे-चारशे वर्सं झाली असतीन. आमच्या घरचे मास्तर होते, गॅझेटिअर वाचून सांगत. इंग्रजानंही लिहून ठेवलं, कोणी म्हणे बामण, कोणी म्हणे मुसलमान. त्याच्या समाधीवर हिंदू-मुसलमान दोघंही जातात. गावातल्याच एका व्यापाऱ्यानं पैसा लावून ते ठिकाण चांगलं करून देल्लं. हे मातर पुण्य मोकळं, चौकीदाराबिगर.

— पण मंग धरमशाळा ओस कायनं पडल्या वो?

— गाड्यायनं. पुलगाव इथून पस्तीस किलोमीटर, बंडीनं गेलं का दिवस मोडला. १९१७ मधी तिथून इथंवर रेल्वेची छोटी लाइन आली, आपली शकुंतला. मंग येष्टी आली. माणूस संध्याकाळी घरी जायले लागला, तं ओसरीवर कोण झोपते? अन् शकुंतलेच्या मालकाचं तं विचारूच नको! किलिक निक्सन म्हणून गोऱ्यायची कंपनी. स्वातंत्र्य आलं, बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, हे लाइन तशीच कंपनीची रायली. गाडी चालवे सरकार, अन् कंपनीले पैसे देऊन!

— म्हणजे सरकारच भाडेकरू?

— होय तं! अन् आता गाडीही नाई, भाडेकरूही नाई.

— म्हणजे चांगला मालक कोणी झालाच नाई म्हणा.

— झाला न. तो मालकच नोता म्हणून चांगला. शेंडगावचा डेबूजी, आपला गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, लोकायच्या पैशानं केवढ्या धरमशाळा उभ्या केल्या, अन् स्वतः कुठंही पडून राहे. पंढरपूरले ज्यायले कोणी ओसरीवर घेत नोतं, त्यायच्यासाठी चोखामेळा धरमशाळा बांधली. १९४९ मधी ते आख्खी इमारत डॉक्टर आंबेडकरायच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीले देऊन टाकली. पोरायच्या शिक्षणाले. येथं आमचे दीर वीतभर धुऱ्यासाठी कोर्टात जाऊन रायले!

— अन् घरचे काईच नाई बोलले? पोरंसोरं?

— त्यायले पहिलेच सांगून ठेवलं होतं, या धरमशाळेवर माया नातलगाचा काई हक्क नाई.

— अन् बायको?

— कुंताबाई? ते रायली झोपडीत, असं म्हणतात. धरमशाळेतली खोली तिच्यासाठी नाई.

— बाप्पा! लोकायले खोल्या अन् बायकोले झोपडी? मी असतो तं भांडलो असतो.

— तू तं भांडतच, सारी गल्ली ऐकते.