पन्नास टक्के डांबर, पन्नास टक्के मेहुणा

मोटरसायकलचा टायर काळा असतो, गोल असतो आणि तो बदलायची वेळ हमखास महिनाअखेरीस येते. संसारी माणसाला टायरबद्दल एवढे ज्ञान पुरते. पण ज्याच्या बायकोला धाकटा भाऊ आहे आणि त्या भावाकडे अमर्याद डेटा पॅक आहे, त्याला अज्ञानात राहायची सोय उरत नाही.

माझी गाडी एक्सपल्स. डांबर असले तरी चालणारी आणि डांबर संपले तरी चालणारी, अशा ड्युअल-स्पोर्ट जातीची. अमेरिकेत १९६८ साली यामाहाच्या डीटी-१ने ही जात लोकप्रिय केली. आपल्याकडे हिरोने २०११मध्ये इम्पल्स आणली, पण ती फार काळ टिकली नाही. मग २०१६ला हिमालयन आली, २०१९ला एक्सपल्स, आणि सह्याद्रीतल्या प्रत्येक बैलगाडीवाटेवर हेल्मेटला कॅमेरा चिकटवलेली माणसे दिसू लागली. त्यांत मी नव्हतो. माझ्या गाडीने आजवर डांबर सोडले ते फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना. एकवीस इंची पुढचे चाक, अठरा इंची मागचे, जमिनीपासून २२० मिलिमीटर वर पोट, असा सगळा ऐवज मी रोज कोथरूडहून हापिसला नेत असे आणि संध्याकाळी परत आणत असे.

"दाजी, हा अन्याय आहे," मेहुणा म्हणाला. तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

"कोणावर?"

"टायरवर. बिचारे गुळगुळीत होऊन निवृत्तीला आले आणि यांनी आयुष्यात चिखल पाहिला नाही. आता बटन टायर टाका. फिफ्टी-फिफ्टी."

"म्हणजे निम्मी किंमत?"

"म्हणजे निम्मा रस्ता, निम्मी माती."

किंमत पूर्ण होती. टायर घरी आले तेव्हा मेहुण्याने ते दिवाणखान्यात मांडले आणि त्यांच्यावरचा मजकूर वाचायला घेतला. टायर हा पत्रिका घेऊनच जन्माला येतो, हे मला तेव्हा कळले. ९०/९०-२१ म्हणजे रुंदी नव्वद मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या नव्वद टक्के, आणि रिम एकवीस इंच. शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मवेळ. १४२५ असेल तर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. पिवळा ठिपका असेल ती टायरची सर्वांत हलकी बाजू, तिथे व्हॉल्व्ह आला पाहिजे. पुढे वेगाचे अक्षर होते, 'पी'. त्याचा अर्थ ताशी १५० किलोमीटर. इतक्या वेगाने माझी गाडी फक्त कड्यावरून जाऊ शकते.

"आणि हा बाण," मेहुणा कुजबुजला, "हा चुकला की संपलं."

सासूबाई आल्या होत्या. त्यांनी टायरच्या एका ठोकळ्यावर अंगठा दाबून पाहिला आणि "मऊ आहे," एवढेच म्हणाल्या. पुढच्या दिवसांत या टायरला जो जो भेटला, त्याने हेच केले. बटन टायर दिसला की माणसाचा अंगठा आपोआप पुढे होतो आणि पाठोपाठ मत येते.

बसवायला हमरस्त्यावरच्या दुकानात गेलो. महाराष्ट्रातले हमरस्ते, टायरचे दुकान आणि केरळचा माणूस हे समीकरण जुने आहे. अण्णांनी चाक आडवे पाडले, कडेला साबणाचे पाणी फिरवले आणि दोन लिव्हर घालून जुना टायर असा उतरवला की चाकालाही कळले नसेल. मेहुणा मोबाइल घेऊन शेजारी उभा.

"अण्णा, बाण! पुढचा उलटा बसवताय. मागच्याची नक्षी बघा, इकडं तोंड आहे. पुढच्याचं तिकडं."

अण्णांनी वर न बघता टायर फिरवून बाण दाखवला. बाजूला 'फ्रंट' असे लिहिले होते. मागच्या चाकाला गाडी पुढे ढकलायची असते, पुढच्याला मुख्यतः थांबवायची. ठोकळ्यांवर जोर उलट दिशांनी येतो, म्हणून नक्षीही उलटी. हे सगळे अण्णा एका वाक्यात म्हणाले, "एक ढकलतो, एक अडवतो." मग मेहुण्याकडे आणि माझ्याकडे पाहिले. त्यांना आमच्याबद्दल काही म्हणायचे होते की टायरबद्दल, ते कळले नाही.

निघताना त्यांनी बजावले, नव्या रबरावर चकाकी असते, पहिले शंभरेक किलोमीटर गाडी फार कलंडवायची नाही. मग स्वतःच अंगठा दाबून म्हणाले, "रोडवर लवकर जाणार हा."

मला वाटले, वेगाने जाणार म्हणतायत.

चाचणीसाठी मेहुण्याने वेल्ह्याच्या पुढचे केळद गाव निवडले. खडकवासला, खानापूर, रांजणे, मग पाबे घाट उतरून वेल्हे, आणि तिथून केळद. तो मागे बसणार होता. त्याला गाडी चालवता येत नाही. त्याचा अभ्यास सैद्धांतिक आहे.

सिंहगड रोड लागला आणि टायर गाऊ लागले. ठोकळ्यांच्या टायरला सपाट रस्त्यावर एक घुमारा असतो, कारण प्रत्येक ठोकळा जमिनीवर वेगळा आपटतो. वेग वाढला की सूर चढतो. पन्नासच्या पुढे तो मंगल कार्यालयातल्या जनरेटरच्या पट्टीत गेला. पुढचा रिक्षावाला दोनदा वळून बघून बाजूला झाला. मागे मोठे काहीतरी येत आहे असा त्याचा समज झाला असावा. वळणावर आणखी एक मजा कळली. गाडी कलली की कडेचे ठोकळे आधी वाकतात आणि मग टेकतात. त्या मधल्या क्षणात गाडी कोणाच्याच ताब्यात नसते.

"घाबरू नका, दाजी, त्याला स्क्वर्म म्हणतात," मागून आवाज आला. नाव कळल्यामुळे भीती कमी होते, असा त्याचा विश्वास आहे.

खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी, कणसे आणि मोटारी यांच्यात आम्ही अडकलो, तेव्हा त्याने इतिहास काढला. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर केले. त्याने पेटंटही घेतले. पुढे उघडकीस आले की थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने तेच १८४५ सालीच नोंदवून ठेवले होते. डनलॉपचे पेटंट गेले.

"पण नाव कोणाचं राहिलं?" मेहुणा म्हणाला. "डनलॉपचं. का? कारण त्यानं नुसता विचार नाही केला, चाचणी घेतली."

"चाचणी त्याच्या मुलानं घेतली," मी म्हणालो. "बाप मागं उभा राहून बघत होता."

यावर पाबे घाटापर्यंत शांतता मिळाली.

घाटमाथ्यावर ढग फाटला आणि समोर तोरणा आणि राजगड दोन्ही एकदम दिसले. अशा वेळी मराठी माणसाचा हात आपोआप छातीकडे जातो. मेहुण्याचा टायरकडे गेला. ठोकळ्यांच्या कडांवरची रबराची बारीक लव झिजली होती. तिचा त्याने फोटो काढला. मागे दोन किल्ले आले आहेत, पण धूसर.

वेल्ह्याच्या पुढे त्याने हवा कमी करायचा विधी केला. रस्त्यावर पुढे २५ आणि मागे २८ असलेली हवा मातीसाठी १८-२० वर आणायची. टायर जरा बसका झाला की जास्त ठोकळे जमिनीला लागतात, दगडावर आपटून उडण्याऐवजी त्याला कवळून जातात. मात्र फार कमी केली तर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि एकदम दोन भोके पडतात. त्याला स्नेक बाइट म्हणतात. मेहुणा व्हॉल्व्ह दाबत होता, मी गेज वाचत होतो. बांधावरून एक आजोबा आले आणि आमच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"पंक्चर झालीया व्हय?"

"नाही आजोबा, हवा कमी करतोय."

"भरली कुनी व्हती?"

"आम्हीच."

आजोबांनी अंगठा दाबून पाहिला आणि काही न बोलता गेले.

खरा प्रसंग केळदजवळच्या पाणंदीत घडला. आषाढ नुकता लागला होता, भातखाचरांत लावणी चालू होती. तिथल्या पॉवर टिलरने ये-जा करून पाणंदीचे असे काही केले होते की ती वाट आहे की खाचर, हे फक्त तलाठ्याने सांगावे. मी थांबलो. बटन टायरचे शास्त्र इथे बारीक आहे. ठोकळ्यांमधल्या फटी मोठ्या असतात त्या चिखल धरायला नव्हे, फेकायला. चाक पुरेशा वेगाने फिरले तरच चिखल सुटून मागे उडतो. हळू गेले की फटी भरून निघतात आणि पाच मिनिटांपूर्वीचा महागडा टायर पुन्हा गुळगुळीत होतो. आणि चिखलात हळू जाणे हाच तर माणसाचा स्वभाव.

"दाजी, सेल्फ-क्लीनिंग!" मेहुणा ओरडला. तो खाली उतरून चाकाच्या बरोबर मागे, स्लो मोशनचा कॅमेरा लावून बसला होता. "रेस करा! टायर स्वतःला साफ करेल!"

मी केली. टायरने स्वतःला साफ केले. एकेका फटीतला चिखल वेगळा झाला, नियमाप्रमाणे मागे गेला, आणि मागे जो होता त्याला मिळाला. पदार्थ नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो, हे मी नववीत शिकलो होतो. मेहुण्याच्या चेहऱ्यावर ते आता पाहिले. चित्रफीत मात्र अप्रतिम आली. पहिले सेकंदभर टायर दिसतो, मग सगळा मावळ.

टिलरवाला हे बघत उभा होता. लावणीच्या हातांनी त्याने ठोकळ्यावर अंगठा दाबला.

"कितीला पडलं?"

मी सांगितले. त्याने आपल्या टिलरकडे बोट केले. त्याला रबरी चाकेच नव्हती. लोखंडी पट्ट्यांची, आरपार दिसणारी जाळीची चाके होती. चिखल त्यांच्यातून नुसता गळून पडत होता.

"चिखलाला रबर कशाला, पाव्हणं? रबर रस्त्याला. गावात जाताना रबरी घालतो, खाचरात उतरताना ही. निम्मं-निम्मं काय कामाचं? रस्त्याला धड न्हाई, चिखलाला धड न्हाई."

फिफ्टी-फिफ्टीचे इतके नेमके परीक्षण मेहुण्याच्या एकाही चॅनेलवर झालेले नव्हते.

पुढे मढे घाटाच्या तोंडाशी गेलो. इथून वाट सरळ कोकणात उतरते, खाली महाडचा मुलूख. १६७०च्या फेब्रुवारीत सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला, असे परंपरा सांगते. आम्ही सकाळपासून सिंहगडाच्या पायथ्यापासून इथपर्यंतच आलो होतो. त्या माणसांनी हेच अंतर खांद्यावर भार घेऊन कापले आणि वर हा घाट उतरले. मेहुणासुद्धा काही वेळ टायरबद्दल बोलला नाही.

मुरुमावर गाडी सुरेख पळाली, हे नोंदवले पाहिजे. सुट्या खडीवर, बैलगाडीच्या चाकोरीत, गवतावर टायरने कुठेही घात केला नाही. ओढ्यातल्या शेवाळलेल्या कातळावर मी गाडी ढकलत नेली, कारण शेवाळापुढे जगातला कोणताही टायर सारखाच. शेवटी चहासाठी एका हॉटेलपुढे आलो. पुढे स्वच्छ धुतलेली, ओली शहाबादी फरशी. वर पत्र्याचे छप्पर, कडेला तुळस. अशा सोज्ज्वळ जागी मी समोरचा ब्रेक हलकासा लावला आणि गाडी, मी आणि मेहुणा असे तिघेही वेगवेगळ्या टेबलांच्या दिशेने गेलो.

कारण साधे आहे. माती असेल तर ठोकळे तिच्यात रुततात आणि धरतात. ओल्या गुळगुळीत दगडात रुतणार कुठे? तिथे टेकते तेवढेच रबर कामाला येते, आणि ठोकळ्यांमधल्या फटी काही टेकत नाहीत. हे मी टेबलाखालून मेहुण्याला समजावले. लागले कोणालाच नव्हते.

हॉटेलवाल्या काकांनी आधी गाडी उचलली, मग आम्हाला. मग टायरकडे न बघताच म्हणाले, "टायर गुळगुळीत झाला असंल. बदलून घ्या राव, पावसाळ्याचे दिवस आहेत."

परतताना पायपंपाने हवा भरताना मेहुणा हिशोब करत होता. बटन टायरचे रबर मऊ, जमिनीला टेकते कमी, म्हणून डांबरावर भराभर झिजते, आणि त्यातही मागचा आधी, कारण ढकलायचे काम त्याचे. अण्णांचे 'लवकर जाणार' आता कुठे माझ्या डोक्यात शिरले. आज जाऊन-येऊन सव्वाशेच्या वर किलोमीटर होणार, त्यांतली माती आणि चिखल मिळून फार तर चार. म्हणजे चिखलासाठी घेतलेला टायर चिखलापर्यंत पोचण्यातच संपणार.

"उपाय आहे, दाजी," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीपुढे एक छोटा हत्ती उभा होता. फळी लावलेली, दोर तयार. चालकाने गाडीभोवती एक फेरी मारली.

"बंद पडलीय का?"

"नाही," मेहुणा म्हणाला.

"मग क्लच गेला असंल."

"सगळं उत्तम आहे. वेल्ह्यापर्यंत तुमच्यावर न्यायची, पुढं आम्ही चालवू. टायर झिजू नयेत म्हणून."

चालकाने वाकून ठोकळ्यावर अंगठा दाबला. मग आपल्या टेम्पोच्या चारही चाकांवरून नजर फिरवली.

"साहेब, झिजतात तर माझेपण. ते कशात टाकून न्यायचे?"

मेहुणा विचारात पडला. मग त्याने मोबाइल काढला.