पौष मासास विष्णुपुरीहून अनावृत पत्र

स्थळ : विष्णुपुरी, जि. नांदेड
मिती : मार्गशीर्ष वद्य अमावस्या

प्रति,
माननीय पौष मास,
शालिवाहन शकाच्या वर्षक्रमातील दहावा महिना

विषय : हिवाळ्यात घर बदलण्यावरील आपली बंदी सर्वांना सारखी लागू करणे अथवा ती उठवणे.

महोदय,

आपले राज्य सुरू होण्यास एकच रात्र उरली असताना हे पत्र सादर होत आहे. गोदावरीकाठचे, काळेश्वराच्या देवळाचे विष्णुपुरी हे गाव गेल्या चार दशकांत आल्यागेल्यांचे गाव झाले आहे. कारण १९८१ साली येथे श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही नांदेड शहरातून येथे हलले. शिकणारे, शिकवणारे आणि रुग्णसेवा करणारे यांची घरे या परिसरात वरचेवर बदलतात. ती कोणत्या ऋतूत बदलावीत याचा निर्णय मात्र ना घरमालक करतो ना भाडेकरू, तो आपल्या नावाने होतो.

हा अधिकार आपणास कोणी दिला, याचा शोध घेतल्यास ग्रंथाधार सापडतो हे मान्य केले पाहिजे. रामदैवज्ञाने १६०० साली काशीत रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’ या ग्रंथात नव्या घरात प्रवेश करण्यास, म्हणजे गृहप्रवेशास, उत्तरायणातील माघ, फाल्गुन, वैशाख आणि ज्येष्ठ हे महिने प्रशस्त मानले आहेत, आणि मत्स्यपुराणाच्या वास्तुप्रकरणात पौषात घर बांधायला घेतल्यास चोरांचे भय सांगितले आहे. या बंदीला धनुर्मासाची जोड मिळते. धनुर्मास म्हणजे सूर्य धनु राशीत असण्याचा, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी हा काळ, ज्यात पहाटे उठून बाजरीची भाकरी, खिचडी आणि वांग्याचे भरीत खाणे पुण्याचे, परंतु त्याच पहाटे टेम्पोत कपाट चढवणे अशुभ ठरते. आपण चांद्र मास आणि धनुर्मास हा सौर मास, त्यामुळे दोघांच्या सीमा दरवर्षी पुढेमागे सरकतात आणि कधी कधी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत दोघे मिळून नांदेडच्या भाडेकरूला जुन्याच घरात डांबून ठेवतात.

ग्रंथाची अट उत्तरायणाची असेल, तर आपल्या बंदीचा हा आधार आकाशातच सैल पडतो. उत्तरायण म्हणजे सूर्याच्या उगवतीचा बिंदू उत्तरेकडे सरकू लागणे, आणि ते प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत असल्यामुळे, म्हणजेच अयनचलनामुळे, राशींवरून मोजलेली मकर संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या वेगाने पुढे सरकत आता १४-१५ जानेवारीवर आली आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत तर पौषाचा पहिला दिवसच २२ डिसेंबर हा आहे. सूर्य ज्या दिवसांत उत्तरेकडे आपले बिऱ्हाड हलवतो, त्याच दिवसांत माणसाने बिऱ्हाड हलवू नये, हा न्याय आपणासही पटू नये.

ग्रंथाने नाकारलेले महिने बाजूला ठेवल्यावर जे प्रशस्त महिने उरतात, त्यांतील वैशाख आणि ज्येष्ठ म्हणजे मराठवाड्यात उन्हाळ्याचा कळस होय. काशीच्या ग्रंथकाराने नांदेडचा मे महिना सोसला नसावा, अन्यथा पारा ४२ अंशांपुढे असताना फ्रिज घेऊन तिसरा मजला चढणाऱ्या हमालाचा विचार त्याने मुहूर्तात केला असता. याउलट आपल्या दिवसांत दुपारचे ऊनही सुसह्य असते, पावसाने गाद्या भिजण्याची भीती नसते आणि विहिरी-बोअरना पाणी असते. शासनानेही या बाबतीत पंचांगाशी मतभेद ठेवलेला नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. मराठवाड्याच्या माणसाने घर हलवायचे ते भर उन्हातच, या एका मुद्द्यावर शास्त्र आणि सरकार यांचे झालेले एकमत दुर्मीळ होय.

आपल्या बंदीतून पळवाटा काढण्यात आल्या आहेत, हेही आपल्या निदर्शनास आणणे आवश्यक आहे. मार्गशीर्ष संपण्यापूर्वी नव्या घरात देवाची तसबीर, पाण्याचा कलश, मीठ आणि केरसुणी ठेवायची, शेगडीवर दूध उतू जाऊ द्यायचे, प्रवेश झाला असे जाहीर करायचे आणि खाट-कपाट-भांडी आपल्या डोळ्यांदेखत पौषात सावकाश आणायची, ही रीत सर्वमान्य आहे. ज्यांना ती वेळेत साधत नाही त्यांना नव्या घराचे भाडे इंग्रजी महिन्याच्या एक तारखेपासून आणि प्रवेश मराठी तिथीपासून, अशा दोन कालगणनांचा भुर्दंड बसतो. त्यातही जो शहाणा माघाची वाट पाहून अकरा महिन्यांचा भाडेकरार करतो, त्याची मुदत अधिक मास नसलेल्या वर्षी नेमकी आपल्याच अमलात संपते आणि त्यास पुन्हा आपल्याच दारात उभे राहावे लागते.

येथवरची तक्रार सवड असलेल्यांची झाली. पत्राचे खरे कारण यापुढे आहे. आज वेळ अमावस्या आहे. नांदेड-लातूर भागात आज शेतात कडब्याची खोप उभारून पांडवांची पूजा होते, भज्जी आणि आंबिलीचे जेवण होते आणि संध्याकाळी पक्क्या घरांतील मंडळी पक्क्या घरांत परततात. याच काळात कंधार-मुखेडपासून बीडपर्यंतच्या बालाघाटाच्या डोंगरी भागातील ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांत राहत असतात. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री यांची, वाकूनच आत शिरावे लागणारी झोपडी. नवरा-बायकोच्या जोडीस तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, फिटेपर्यंत तिची सुटका नसते, आणि एका शिवारातील ऊस संपला की कोपी मोडून पुढच्या शिवारात उभारावी लागते. गाळप ऐन भरात असते ते आपल्याच महिन्यात, तरीही कोणत्याही मुकादमाने पौष आहे म्हणून टोळी थांबवल्याचे ऐकिवात नाही.

वीटभट्ट्यांची स्थिती वेगळी नाही. दिवाळीनंतर आलेली कुटुंबे भट्टीशेजारी कच्च्या विटा रचून त्यांच्या आडोशाला राहतात आणि थंडीत पहाटेपासून चिखल तुडवून विटा थापतात. पौषात थापलेल्या आणि भाजलेल्या विटांच्या घरात पौषात पाऊल ठेवणे अशुभ, परंतु त्या थापण्यासाठी पौषात घरदार सोडून येणे शुभाशुभाच्या पलीकडचे, असा हा व्यवहार आहे. चोरांचे भय सांगणाऱ्या पुराणाला या घरांची चिंता नसावी, कारण तेथे चोरण्यासारखे काही नसते. यावरून असा निष्कर्ष निघतो की, आपली बंदी ही घराविषयीची नसून सवडीविषयीची आहे. ज्याला महिनाभर थांबणे परवडते त्यालाच पौष लागतो, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्या बाबतीत पंचांग उघडलेच जात नाही.

सबब, आपणास पुढील दोहोंपैकी एक करण्याची विनंती आहे. बंदी धर्माची असेल, तर ती कोप्यांना आणि भट्ट्यांनाही लागू करावी. उद्यापासून महिनाभर कारखान्यांची धुराडी थंड ठेवावीत, टोळ्या भरपगारी आपापल्या गावी धाडाव्यात आणि त्यांच्या मुलांची अर्ध्यावर सुटलेली शाळा तेवढ्या अवधीत तरी सलग होऊ द्यावी. हे जमणार नसेल, तर बंदी सर्वांसाठी उठवावी, जेणेकरून विष्णुपुरीच्या भाडेकरूंना थंडीत सामान हलवता येईल आणि अशुभाची भीती न हलण्याचे सन्माननीय कारण म्हणून वापरता येणार नाही. उत्तर देण्याचे काम माघाकडे वर्ग करू नये. माघात परिसरातील सर्व टेम्पो आधीच ठरलेले असतात.

कळावे,

आपल्या आज्ञेने सामान बांधून बसलेली,
विष्णुपुरीतील भाडेकरू कुटुंबे

प्रत माहितीसाठी :
१. माघ मास : वाढीव गर्दीची नोंद घेण्यासाठी.
२. वैशाख मास : स्वतःच्या शुभत्वाचा भर दुपारी फेरविचार करण्यासाठी.
३. सर्व मुकादम : कार्यवाहीची अपेक्षा नाही.