हात कोरडे, बाकी सर्व क्षेम

निशी-कासाई, तोक्यो
जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुमची सून कोटावर कोट चढवून ऑफिसला जाते आणि नात आता जपानीतून भांडायला शिकली आहे. पत्र अशासाठी की फोनवर हा विषय काढला की बाबा स्पीकर लावतात, मग शेजारच्या काकू मागून "कांद्याचा रस चोर म्हनावं" असं ओरडतात आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. विषय माझ्या तळहातांच्या घामाचा आहे.

बाबा, या हातांचं आणि आपल्या दुकानाचं कधी पटलंच नाही. जन्म भंडाऱ्यात, तोही पितळी भांड्यांच्या घरात, आणि बोटं अशी की चकचकीत गुंडाला नुसती लागली तरी दोन दिवसांनी तिथं काळपट ठसा. घामातलं मीठ पितळेला डागतं, हे शाळेच्या आधी मला तुमच्या ओरडण्यानं शिकवलं. आंदणाची भांडी बघायला गिऱ्हाईक आलं की तुम्ही "बापू, तू हिशेब लिही" म्हणून मला गल्ल्यावर पिटाळायचे. मग हंडे-कोपर वाचायचे आणि वही भिजायची. लग्नातही भटजींनी ओंजळीत पाणी सोडायच्या आधीच ती भरलेली होती. तुमची सून अजून सांगते, तिला वाटलं मुलगा घाबरला आहे.

आईनं मात्र उपाय सोडले नाहीत. न्हाव्याकडची तुरटी झाली, बाभळीच्या सालीचं पाणी झालं, रात्री भिजवलेला सब्जा झाला. निदान एकच: "अंगात उष्णता हाय." त्यापायी आंबा बंद, अंडं बंद, शेंगदाणेसुद्धा मोजून. आई, इथं आज सकाळी बाहेर दोन अंश होते, मी गाडीत उभा होतो आणि कडी धरलेला हात ओला होता. उष्णतेवरचा खटला आता काढून टाकायला हरकत नाही.

या देशानं तसे माझे बरेच प्रश्न फुकटात सोडवले. इथं कुणी हात मिळवत नाही, वाकून नमस्कार करतात. रुमाल तर प्रत्येकाच्या खिशात असतो, त्यामुळे सारखे हात पुसणारा माणूस वेडा ठरत नाही. पण व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी, अदबीनं द्यायचं असतं, आणि माझं कार्ड समोरच्याच्या हाती पडेपर्यंत वाळवायला टाकण्याजोगं झालेलं असतं. विमानतळावर २००७ पासून परदेशी माणसांच्या बोटांचे ठसे घेतात. माझ्या बोटाला यंत्र नाही म्हणालं, तेव्हा मागच्या रांगेनं माझ्याकडे गुन्हेगारासारखं पाहिलं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "झोपेत हात कोरडे असतात का?" मला काय ठाऊक, मी झोपलेला! सुनेनं साक्ष दिली की कोरडे असतात. डॉक्टरांना तेच हवं होतं. हा आजार घामाच्या ग्रंथींचा नसून त्यांना मिळणाऱ्या हुकमाचा आहे. माणूस झोपला की हुकूम थांबतो. कुनो नावाच्या जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९३४ साली मानवी घामावर अख्खा ग्रंथ लिहिला. बाकी अंगाला उन्हानं घाम येतो, पण तळहात-तळपायांना मुख्यतः मनावरच्या ताणानं येतो, हे त्यानं दाखवलं. म्हणजे भंडाऱ्याच्या मे महिन्याचा काही दोष नव्हता. दोष गणिताच्या पेपरचा होता.

दुसरा प्रश्न, घरात आणखी कुणाला आहे का? तो मी तुम्हाला फोनवर विचारला होता, आठवतं? आई म्हणाली, "तुझ्या बाबाच्या घरी." बाबा म्हणाले, "तुझ्या मामाकडे." डॉक्टरांनी कागदावर नुसतं 'आहे' असं लिहून घेतलं.

पहिलं औषध ॲल्युमिनियम क्लोराइडचं. आई, हे वाचून तू मान ताठ करशील, कारण तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार. दिशा तुझी बरोबर होती, मात्रा कमी पडली. हे औषध घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतं. पण ओल्या कातडीवर लावलं तर पाण्याशी मिळून आम्ल तयार होतं आणि हात चुरचुरतात. म्हणजे ओल्या हाताचं औषध लावायचं ते खडखडीत कोरड्या हातालाच! ज्यानं कुणी हे शोधलं त्याला माझ्यासारखा हात नसावा. रात्री मी केस वाळवायच्या यंत्राची गार हवा हातांवर सोडून बसायचो. हात वाळले या आनंदानं ते पुन्हा ओले व्हायचे. नात म्हणे, बाबा हात शिजवताहेत. थोडा फरक पडला, पण बोटांच्या बेचक्यात लाली आणि खाज आली.

मग डॉक्टरांनी नवीन लोशन दिलं. तळहाताच्या घामासाठीचं हे ऑक्सिब्युटिनिनचं लोशन जपानात २०२३ साली मंजूर झालं. बनवणारी कंपनी हिसामित्सु, म्हणजे बाबा कमरेला जी सॅलनपासची पट्टी लावतात ती बनवणारीच. मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलिन निघतं आणि ग्रंथीला सांगतं, 'सोड पाणी.' हे लोशन ग्रंथीपाशीच तो निरोप अडवतं. गंमत अशी की मूत्राशयालाही तोच निरोप जातो, म्हणून हेच औषध सारखं लघवीला पळणाऱ्यांना गोळीतून फार वर्षांपासून देतात. बाबा, हसू नका. प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्यांनी आणि काचबिंदूच्या काही रुग्णांनी ते वापरायचं नसतं, तेव्हा मी सुट्टीवर आलो की माझ्या बाटलीला तुम्ही हात लावायचा नाही.

लावायची रीत सोपी वाटते. झोपण्याआधी दोन्ही तळव्यांना चोळायचं आणि सकाळपर्यंत हात धुवायचे नाहीत. उठल्यावर धुवायचे, आणि त्याआधी डोळ्याला बोट लावायचं नाही, नाही तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं. पण लोशन लावलं की नेमका त्याच क्षणी डोळा खाजतो, नात पांघरूण लाथाडते, सून म्हणते दिवा बंद करा. मी दोन्ही हात वर करून शरण आल्यासारखा पडून राहतो आणि दिवा कोपरानं बंद करतो. तोंडाला थोडी कोरड पडते, त्यामुळे बोलणं कमी झालं. घरात या परिणामाचं स्वागत झालं आहे.

आणखी एक उपाय डॉक्टरांनी दाखवला, तो वाचताना आईनं बसून घ्यावं. दोन उथळ ट्रेमध्ये नळाचं पाणी, त्यात दोन हात, आणि त्या पाण्यातून सौम्य विजेचा प्रवाह, वीसेक मिनिटं. उपाय खरा आहे, जगभर चालतो, पण तो त्यासाठीच्या यंत्रानं करायचा. शेतातल्या मोटारीचे वायर जोडणाऱ्या आपल्या चुलतभावाच्या कानावर हे जाऊ देऊ नका. ऑपरेशनही आहे, छातीतली मज्जातंतूंची साखळी तोडतात. मग हात कोरडे होतात आणि पुष्कळांना पाठी-पोटाला घाम सुटतो. गोसेखुर्द धरणाचं पाणी एका गावातून हटवून दुसऱ्या गावात सोडल्यासारखं! मी नको म्हणालो.

आता कसं आहे? हात अगदी दगडासारखे कोरडे नाहीत, पण हे पत्र मी टीपकागदाशिवाय लिहितो आहे आणि शाई पसरलेली नाही. लावणं थांबवलं की घाम परततो, म्हणजे हा रोजचा नेम झाला. विम्यामुळे किमतीच्या ३० टक्के मी भरतो.

मुख्य काम पुढेच आहे. मागच्या फोनमध्ये वहिनी सांगत होती की दादाच्या छोटीची वही भिजते म्हणून शाळेत बोलणी बसतात आणि आता ती हात फ्रॉकमध्ये लपवते. यंदा तिची दहावी. दादाला सांगा, तिला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, नाहीतर नागपूरला न्या. ॲल्युमिनियम क्लोराइड तिकडेही मिळतं, पण किती टक्क्यांचं आणि किती दिवस, ते डॉक्टरांनी ठरवावं. माझी बाटली मी पाठवणार नाही, मागू नका. तोवर पेपर लिहिताना हाताखाली टीपकागद आणि मांडीवर सुती रुमाल असू द्या, आणि वर्गशिक्षकांना दादानं स्वतः जाऊन भेटावं. शेंगदाणे तिला खुशाल खाऊ द्या. आणि परीक्षेच्या सकाळी "घाबरू नको" असं तिला घरातल्या कुणीही म्हणू नये. त्यानं घाम वाढतो.

तुमचा,
बापू